सातवी वाटी

रात्रीची पाळी आठला लागते.
आधी हात धुते, मग वाट्या मांडते.
अकरा वाट्या, स्टीलच्या, बुडाला मार्करने नावं,
धुऊन धुऊन अर्धीच उरलेली:
लोटन गुरु, सुपडा, वेडू अ
नावाचं मागचं टोक आधी जातं,
का ते मला माहीत नाही.

कवळी निघताना आवाज होतो
चिखलातून चप्पल उपसल्यासारखा.
गुरुजी स्वतःच काढून देतात, तपासलेल्या पेपरासारखी.
वेडू अप्पा चावतात.
दात खोटे, तरी लागतं.

बायजाबाई सैंदाणे, खाट सात,
ओठ मिटून घ्यायच्या.
"नको ना नजमा. हिलालना फोन येई."

हिलाल सुरतेला, लूमवर, रातपाळीत.
अकराच्या चहाला दहा मिनिटं मिळतात,
तेवढ्यात व्हिडिओ कॉल.
तिकडे लूमचा खडखडाट, इकडे पंख्याचा,
दोघांना एकमेकांचं काही ऐकू येत नाही,
नुसते बघतात.
बघायचंच असेल तर गाल भरलेले हवेत,
हे मला पटलं होतं.
माझाही मुलगा चोपड्याला आजीजवळ झोपतो.

फोन संपला की त्यांचा डोळा लागायचा.
झोपलेल्या बाईच्या तोंडात कोण हात घालणार?
सातवी वाटी कोरडी राहायची.
वहीत मात्र मी बरोबरची खूण करायचे,
रोज, डिसेंबरभर.

मग त्यांना भरीत नको झालं.
ज्या भरितासाठी ताटावर चमचा वाजवायच्या, ते.
मग दुधात कुस्करलेली कळण्याची भाकरही.
"माले कशानीच चव लागत नही."

डॉक्टर भामरेंनी बॅटरी मारली.
कवळीखाली टाळू लाल,
बरोब्बर कवळीच्या मापाचा,
शेताची हद्द आखावी तसा.
जिभेवर पांढरं, कवड्या पडलेल्या दह्यासारखं.
"बुरशी. यीस्ट," ते म्हणाले,
"सगळ्यांच्या तोंडात असतं, माझ्या, तुझ्याही.
गुपचूप राहतं.
लाळ आटली, ओल कोंडली की पसरतं."
मला काहीच विचारलं नाही त्यांनी.
वही खिळ्यावर लटकत होती.

बिबड्यांची ज्वारी तीन दिवस भिजत घालतात.
आंबवण्यात दुसरं काही कसब नाही,
झाकायचं
आणि विसरायचं.

आता बोटाला गॉझ गुंडाळते.
गालाच्या आत, हिरडीवरून, जिभेखाली.
ऊन असतं आत, वासराच्या तोंडासारखं.
औषधाचे थेंब. "गिळू नका, घोळवा."
कुणाची कुठली दाढ शेवटी पडली,
तंबाखू कोणत्या गालात राहायची,
घरच्यांना ठाऊक नसेल इतकं मला ठाऊक आहे.
पहिल्या रात्री म्हटलं, "बाई, चूक माझी होती."
त्यांनी माझं बोट हिरड्यांत धरून ठेवलं,
जरा जास्तच वेळ.
माफ केलं की शिक्षा दिली, कळलं नाही.

अकराला फोन थरथरला.
सातव्या वाटीत दात बुडालेले.
मी मोबाईल वर धरला, कपाळच दिसेल असा.
त्यांनी माझं मनगट खाली दाबलं.

हिलाल बघत राहिला.
चहाचा ग्लास हातात तसाच.
मग त्या खडखडाटातून ओरडला,
"माय, तू ते मोठमायसारखी दिसस!"
आणि बायजाबाई हसल्या,
सगळं तोंड उघडून,
पांढरं अजून थोडं होतं कडेला, तेही दिसलं असेल त्याला.

सकाळी सहाला, पाळी सुटताना,
बेसिनच्या आरशात मी जीभ बाहेर काढून बघते.
गुलाबी आहे. मधे जरा खरखरीत.
डिसेंबरच्या खुणा वहीत तशाच आहेत,
एकतीस, एका वळणाच्या.
खोडायला पेन उचलते,
तेवढ्यात वेडू अप्पा हाक मारतात,
त्यांना दात हवेत.